पूजेला बसलेला दहा नंबरचा पाना

लालासाहेब आंघोळ करून, कपाळाला गंध लावून अंगणात आले आणि पिकअपच्या पुढे उभे राहून ओरडले, "माझं पानं कुनी उचललं?"

राहीबाई गाडीच्या हौद्यात चढून पाळण्याभोवती गोधडी आवळत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मी उचललं. चांगलं धुतलं, पुसलं आन् देवापुढं मांडलं."

"मांडलं म्हंजे?"

"मांडलं म्हंजे पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, निवद दाखवला. खंडेनवमीला आनिक काय करत्यात?"

लालासाहेब पुन्हा गाडीकडे वळले. त्यांनी उघड्या बॉनेटच्या आत नुसतं बोट दाखवलं. राहीबाई हौद्यातून उतरल्या, पदर खोचून पुढे आल्या आणि आत वाकल्या. काल संध्याकाळपर्यंत जिथे डिझेलचे दोन फिल्टर होते, तिथे आता दोन रिकाम्या जागा होत्या. खाली ठेवलेल्या बादलीत डिझेलचे थेंब सावकाश पडत होते.

"ह्ये कवा केलंत?"

"सकाळी सहाला. जुनं फिल्टर काढलं, पोत्यावर पानं मांडलं, नवं फिल्टर शेजारी ठेवलं. आता बसवायचं तर तूच म्हनालीस, आधी आंघोळ करा, सणाचा दिवस हाय. म्हनून ग्येलो." लालासाहेबांचा आवाज चढला. "नवं फिल्टर कुठं हायत?"

राहीबाईंनी पदर सावरला. "त्ये बी देवापुढंच."

"फिल्टर? पूजेत?"

"घरात नवी वस्तू आली तर तिला हळदकुंकू लावायचं न्हाई व्हय?"

दोघेही आत गेले. घटाच्या समोर पाटावर सारी पूजा मांडलेली होती. राहीबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा नवमीला पाटावर विळा, कोयता, खुरपं, नांगराचा फाळ आणि सासऱ्यांची गंजकी तलवार एवढंच असायचं. सगळं मिळून एका पाटावर मावायचं. आता तीन पाट लागत होते. मोटारीचा स्टार्टर, ड्रिल मशीन, फवारणीचा पंप, सून क्रांतीचा लॅपटॉप. आणि त्यांच्या मधोमध, तलवारीच्या मुठीला टेकून, नवे कोरे दोन फिल्टर बसले होते. दोघांनाही हळदीकुंकवाची बोटं होती आणि दोघांच्याही तोंडात एकेक झेंडू होता. पुढे चढत्या क्रमाने पाने लावले होते. दहा नंबरचा पाना सगळ्यात पुढे.

"बरं," लालासाहेब म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"खबरदार!"

लालासाहेबांचा हात जिथल्या तिथे थांबला. सैन्याच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी बावीस वर्षं काढली होती, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण एवढ्या चढ्या आवाजातला हुकूम त्यांना कुठल्याही साहेबाने दिला नव्हता.

नवमीला पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही, हा त्या घराचा नियम होता. घराचाच कशाला, राहीबाईंच्या धाकाने तो विट्याजवळच्या त्या सगळ्या वाडीचा नियम झाला होता. नवमीला वाडीत विळीसुद्धा पूजेत असायची. भाजी हाताने मोडायची आणि कांदा बुक्कीने फोडायचा. राहीबाई दुपारी एक चक्कर मारून कोण काय करतंय ते बघून यायच्या.

"अगं, सीमेवर नवमीला दुश्मन आला तर काय, बंदुकीची पूजा झालीया म्हनून गप बसायचं?"

"आलाय का दुश्मन दारात? आला की उचला."

"मग गाडी कशी जानार जतला?"

जतला तर जायलाच हवं होतं.

हौद्यात गोधड्यांत गुंडाळलेला पाळणा राहीबाईंच्या जतच्या माहेरचा होता. सागवानी, चारी दांड्यांवर मोर कोरलेले. त्यात राहीबाई वाढल्या, त्यांचा धाकटा भाऊ हंबीरराव वाढला. नऊ वर्षांपूर्वी आई वारली आणि तेराव्याचं जेवण आटोपल्यावर राहीबाईंनी तो पाळणा टेम्पोत घालून विट्याला आणला. आई आपल्याला तोंडी तसं सांगून गेली होती, असं त्यांचं म्हणणं. आई तसं कुणाला काही बोलली नव्हती, असं हंबीररावांचं म्हणणं. त्यानंतर बहीणभावाचं बोलणं बंद झालं ते झालंच. राखी पोस्टाने जायची आणि तिकडून पोचही यायची नाही. मागच्या आठवड्यात मात्र अचानक फोन आला. "अक्का, नातू झालाय. नवमीला चार वाजता बारसं हाय. पाळणा घिऊन ये." एवढं बोलून फोन ठेवला. राहीबाईंनी सात दिवस त्या पाळण्याला तेल चोळलं होतं.

फिल्टर बदलण्याचं लालासाहेबांनी काढलं तेही उगीच नव्हतं. चार दिवस गाडी चढाला दम टाकत होती. "जतच्या माळावर बंद पडली," ते म्हणाले होते, "तर मेंढरांशिवाय कोन भेटायचं न्हाई."

क्रांती चहा घेऊन आली. लॅपटॉप पूजेत असल्यामुळे तिला आज सुट्टी होती आणि ती फार खुशीत होती. "मामा, जुनंच फिल्टर परत बसवा की. त्ये कुठं पूजेत हायत?"

राहीबाईंचा चेहरा उजळला. "बघा! पोरीला सुचलं."

लालासाहेब चहाच्या कपात बघत राहिले. "त्ये कंडम केलं."

"कंडम म्हंजे?"

"खिळा ठोकून भोकं पाडली. निकामी झालेला माल परत कुनी वापरू नये म्हनून सैन्यात तसंच करत्यात."

"आवं, हितं कोन वापरनार हुतं? आपल्या अंगनात?"

"नियम म्हंजे नियम," लालासाहेब म्हणाले आणि देवघराकडे बघून त्यांनी एक मोठा घोट घेतला.

साडेदहा झाले होते. निदान पाने तरी कुणाचे मागून आणावेत, फिल्टरचं मग बघू, असं ठरलं आणि राहीबाई स्वतः शेजारच्या जोतीरामाकडे गेल्या. जोतीराम दारात खाटेवर बसून शेंगा सोलत होता. त्याच्याकडे ट्रॅक्टर होता, म्हणजे पान्यांचा अख्खा डबा होता.

"जोतीराम भावजी, एक दहा नंबरचा पाना हुता का?"

जोतीरामाने शेंग खाली ठेवली. आपण ऐकलं ते खरं का, अशा नजरेने त्याने राहीबाईंकडे बघितलं. "पाना? आज?"

"जरा नड हाय."

"वहिनी, पूजेत हाय की. सगळा डबाच पूजेत हाय." त्याचा आवाज अगदी नम्र होता. "मागल्या नवमीला मी नारळाची शेंडी काढाय कोयता हातात घेटला, तवा तुमी काय म्हनला हुता?"

"त्ये जाऊ द्या आता."

"जाऊ कसं द्यायचं? चारचौघांत मला नाक घासाय लावलं. माझी बायको आजून सांगती पावन्यांना. तवापासनं मी लय कडक पाळतो. मागच्या आळीला बी इचारू नका, त्येंनी बी पाळलंय. तुमचीच शिकवन."

राहीबाई परत निघाल्या तेव्हा मागून शेंगा फुटल्याचा आवाज आला. जोतीराम आज शेंगा जरा जास्तच आनंदाने फोडतोय असं त्यांना वाटलं.

तोपर्यंत लालासाहेबांनी फाट्यावरच्या गॅरेजवाल्या दस्तगीरला फोन लावला होता. दस्तगीर वीस मिनिटांत मोटारसायकलवरून आला. त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट होता आणि हात रिकामे होते.

"पानं कुठं हायत तुझं?" लालासाहेबांनी विचारलं.

"पूजेत, काका."

"तुझं बी?"

"म्हंजे काय! अब्बांच्या वक्तापासनं आमच्या गॅरेजात खंडेनवमी पाळत्यात. सकाळी नारळ फोडला, पेढं वाटलं, शटर वढलं. आज पाना धरायचा न्हाई म्हंजे न्हाई. बायको जरिना तर घरात मला चष्म्याचा इस्क्रू बी फिरवू देत न्हाई." तो बॉनेटमध्ये वाकला आणि जीभ चावत बाहेर आला. "आरारा. दोन्ही एकदम काढलं व्हय? डिझेलच्या सगळ्या लाईनीनं हवा धरली आसनार. ती काढल्याबिगर गाडी सुरू व्हायची न्हाई."

"फिल्टर हातानं आवळून बसतील," लालासाहेब म्हणाले.

"बसतील की. पन हवा काढाय त्यो बारका इस्क्रू ढिला कराय लागतोय. दहा नंबर. तिथं हात चालत न्हाई."

सगळ्यांनी देवघराकडे बघितलं. दहा नंबरचा पाना कपाळभर कुंकू लावून शांत बसला होता.

मग दुसऱ्या गाडीचा शोध झाला. विट्यातल्या तीन टेम्पोवाल्यांना फोन झाले. एकाने, आपण गाडीला हार घालून मटणाच्या जेवणाला आलोय, असं सांगितलं, दुसऱ्याने उचलला नाही, तिसरा मागून बोकड ओरडत असताना "उद्या येतो" म्हणाला. लालासाहेब एस.टी.चं बघून आले. कंडक्टरने पाळण्याचं माप विचारलं आणि मग काहीच विचारलं नाही.

बारा वाजता राहीबाईंचा फोन वाजला. हंबीररावांचा होता. राहीबाईंनी पदराने हात पुसून फोन उचलला.

"अक्का, निघालीस का?"

आता खरं सांगायचं तर नऊ वर्षांनी पहिल्यांदा बोलावलेल्या भावाला सांगावं लागलं असतं, की पाना पूजेत आहे म्हणून आम्ही अंगणातच उभे आहोत. राहीबाईंच्या तोंडून निघून गेलं, "व्हय व्हय. वाटंतच हाय."

क्रांती हुशार होती. ती पटकन केबिनमध्ये चढली आणि तिने दोनदा हॉर्न वाजवला.

"कुठंवर आलीस?"

"भिवघाटात."

"मग लवकरच येशील की. नागजच्या फाट्यावर पोरं पाठवतो घ्याय." मग हंबीररावांनी आवाज खाली आणला. "अक्का, पावनं जमाय लागल्यात. तू न्हाई आलीस तर त्येंनी आनलेला दुसरा पाळणा हाय, पोरगं त्यात घालू. पन मग पुन्यांदा मी फोन करायचा न्हाई. आधीच सांगून ठिवतो."

फोन ठेवून राहीबाई पायरीवर बसल्या.  मग त्या उठल्या, घागरीतल्या पाण्याने चूळ भरली आणि म्हणाल्या, "कौल लावते."

घटावरच्या नारळाच्या शेंडीवर ओलं फूल ठेवायचं. ते उजवीकडे पडलं की देवीचा होकार, डावीकडे पडलं की नकार. थोरला मुलगा उदयसिंह सैन्यात भरती झाला तेव्हा, विहीर खोदली तेव्हा, क्रांतीचं स्थळ आलं तेव्हा राहीबाईंनी असाच कौल घेतला होता. त्यांनी शेवंतीचं फूल पाण्यात बुडवून नारळावर ठेवलं आणि हात जोडले. "आई, पूजेतलं पानं आन् फिल्टर उचलायचं का?"

फूल हललं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दस्तगीर दाराबाहेर चपला काढून उभा होता. लालासाहेबांनी घसा खाकरला.

"आवं, श्वास धरा जरा."

"मेल्यावर धरीन. साडेबारा झालं."

"मामा, पंखा लावू का बारीक?" क्रांती कुजबुजली.

"कौलाला पंखा?" राहीबाई गरकन वळल्या. त्यांच्या पदराचा वारा लागला की आणखी कशाने, कुणास ठाऊक, फूल घरंगळलं आणि पडलं. सरळ डावीकडे.

 राहीबाईंचे डोळे भरून आले. त्या खाली बसणार तेवढ्यात दारातून दस्तगीर म्हणाला, "उजवा दिला की हो, काकी!"

"आंधळा हायस का काय? डावीकडं पडलंय."

"आपल्या डावीकडं. देवी आपल्याकडं तोंड करून बसलीया. तिचा उजवा हात कुठला?"

लालासाहेबांनी कवायतीत फिरतात तसे जागच्या जागी मागे फिरून बघितलं. "बरोबर हाय. हुकूम देनाऱ्याचा उजवा धरायचा का ऐकनाऱ्याचा? देनाऱ्याचा!"

"पन आत्या," क्रांती हळूच म्हणाली, "आजपातुर आपन आपलाच उजवा धरलाय. मग माझ्या लग्नाचा कौल..."

"गप ग तू!" राहीबाई म्हणाल्या. त्यांना विहीरही आठवली होती. त्या विहिरीला अजून पाणी लागलेलं नव्हतं. पण विहिरीचा विचार करायला आज वेळ नव्हता. त्यांनी डोळे मिटले, तीनदा नमस्कार केला आणि दहा नंबरचा पाना उचलला. पूजेत बसलेलं हत्यार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा हलवलं.

पुढचं काम सोपं होईल असं वाटलं होतं. लालासाहेबांनी फिल्टर घेतले, तोंडातले झेंडू काढले. दस्तगीरने डोकं धरलं. "काकी, आत एक पाकळी आडकलीया. आन् वरनं पाणी बी शिंपडलंय का?"

"शिंपडलं. शुद्ध नगं कराय?"

"डिझेलला पाण्याएवढं वंगाळ काय न्हाई, काकी."

मग फिल्टर उलटे करून झटकणं, कोरड्या फडक्याने पुसणं, पाकळी क्रांतीच्या केसातल्या पिनने ओढणं, पुन्हा झटकणं, असा अर्धा तास गेला. फिल्टर चांगल्या डिझेलने भरून लालासाहेबांनी ते हाताने आवळून बसवले, आणि सरळ व्हायला गेले तर त्यांची कंबर धरली. वाकलेले ते वाकलेलेच राहिले.

"दस्तगीर, तू घे रं पाना," ते बॉनेटमधूनच म्हणाले.

दस्तगीर दोन पावलं मागे सरला. "न्हाई काका. कौल तुमच्या पान्याला मिळालाय, माझ्या हाताला न्हाई. मी तोंडानं सांगतो."

शेवटी पाना राहीबाईंच्याच हातात आला. लालासाहेबांना खाटेवर पालथं घातलं आणि ते तिथून हुकूम सोडू लागले. क्रांती फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबत होती, दस्तगीर वळायचं कुठे ते दाखवत होता आणि राहीबाई पान्याने स्क्रू ढिला करत होत्या.

"डावीकडं फिरवा, काकी."

"कुनाच्या डावीकडं? सरळ बोटानं दाव."

स्क्रूमधून फेस आला. राहीबाईंच्या बांगड्यांवर आला, कोपरापर्यंत ओघळला. "आजून बुडबुडं हायत, दाबा. दाबा. थांबा. आवळा! लय आवळू नगा! जरा ढिला करा." खाटेवरून लालासाहेब ओरडले, "एक आदमी हुकूम देगा!" राहीबाईंनी पाना उगारून त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा ते गप्प झाले. याच वेळी कुंपणावर जोतीरामाचं डोकं आलं. त्याने राहीबाईंना बघितलं, त्यांच्या हातातला पाना बघितला, आणि तो काही न बोलता घरात निघून गेला. थोड्याच वेळात त्याच्या अंगणातून नारळावर कोयता घातल्याचा आवाज आला.

तिसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली.

दोन वाजले होते. लालासाहेबांना उचलून केबिनमध्ये बसवलं आणि गाडी क्रांतीने हाणली. भिवघाटाचा चढ पिकअपने दम न टाकता काढला. "बघ," कंबरेला हात लावून लालासाहेब म्हणाले, "नव्या फिल्टरचा गुन." राहीबाई आपल्या हातांकडे बघत होत्या. विट्यात त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले होते, तरी नखांत काळं होतं आणि हळद, डिझेल, तेल मिळून तळहातांचा रंग काही वेगळाच झाला होता.

नागजच्या फाट्यावर हंबीररावांची दोन पोरं उन्हात करपून कोळसा झाली होती. घरी पोचायला साडेचार वाजले. अंगण पाव्हण्यांनी भरलं होतं. काही जण कन्नडमध्ये, काही मराठीत कुरकुरत होते, आणि मधोमध सतरंजीवर नव्या स्टीलच्या पाळण्याचे तुकडे पसरलेले होते. दांडे एकीकडे, नटबोल्टांची पिशवी एकीकडे.

राहीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

हंबीरराव पुढे आले. नऊ वर्षांत त्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. बहिणीकडे न बघताच ते म्हणाले, "उशीर केलास."

"व्हय. ह्यो पाळणा जोडला न्हाई व्हय आजून?"

"कशानं जोडायचा? पानं पूजेत हायत." हंबीररावांनी चिडून पाव्हण्यांकडे हात केला. "सकाळधरनं ह्ये सगळं मला म्हनत्यात, घे एक पाना उचलून, कोन बघतंय. म्हटलं, अक्का येनार हाय. तिनं उचललेला पाना बघितला तर आनिक नऊ वर्सं बोलायची न्हाई माझ्यासंगं."

राहीबाईंनी पदर आणखी खाली ओढला. "बरं क्येलंस," त्या कशाबशा म्हणाल्या.

लोकांनी सागवानी पाळणा उतरवला, तुळईला टांगला. बायका उठल्या, आणि कुणीतरी बारा दिवसांचं बाळ राहीबाईंपुढे धरलं. "आजीआत्या, घ्या. पहिलं तुमीच पाळण्यात घाला."

हात बाहेर काढल्याशिवाय बाळ कसं घेणार? राहीबाईंनी हात पुढे केले. सगळ्या बायका बाळाकडे बघत होत्या. हंबीरराव हातांकडे बघत होते. त्यांनी पिवळे-काळे तळहात बघितले, काळी नखं बघितली, मग नाक जरा वर करून वास घेतला. वळून त्यांनी दारातल्या पिकअपकडे बघितलं, आणि कंबर धरून उतरणाऱ्या दाजींकडे बघितलं.

त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. हसू आवरायला त्यांना तोंडावर उपरणं धरावं लागलं.

"धर जरा पोराला," ते शेजारच्या बाईला म्हणाले, आणि बहिणीच्या कानाशी वाकले. "मोरीत राख हाय, साबन हाय. घासून ये. कुनी इचारलंच तर सांग, पाळण्याच्या कड्यांना लय वंगन लावून आनलंय म्हनून."